लाल फडक्यातली ग्रीक राणी

श्रावणात देवळात पोथी म्हणून मी माझीच कादंबरी वाचली, हा मूर्खपणा आधी कबूल करते. देवाने शिक्षा केली नाही. दुसऱ्या अध्यायाला त्यालाही डुलकी लागली असावी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी निरगुडसरला शाळेत इतिहास शिकवायचे आणि स्वतःला लेखिका समजायचे. ग्रीक पुराणातल्या एका राणीवर ऐतिहासिक कादंबरी रचली होती. नवरा लढाईवर गेलेला, वीस वर्षं पत्ता नाही, दारात मागणी घालणाऱ्यांची झुंबड. आणि ही, शेला पुरा झाला की लग्न करीन असं सांगून, दिवसा तो विणते, रात्री उसवते. ग्रीस मी नकाशात पाहिलेलं. समुद्र येडगावच्या धरणावरून उचलला, वर थोड्या लाटा घातल्या. माझे ग्रीक सरदार "आज्ञा असावी, महाराज" म्हणून मुजरा करायचे आणि बाजरीची भाकरी खाऊन गलबतात बसायचे. राणीला नथसुद्धा होती. पुण्याच्या प्रकाशकाने बाड परत पाठवलं, तेव्हा त्याला इतिहास कळत नाही असं मी ठरवून टाकलं.

त्या श्रावणात पोथी वाचणाऱ्या आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाया म्हणाल्या, "बाई, औंदा तुमीच वाचा." एवढे कान मला पुन्हा कुठे मिळणार होते? बाड लाल फडक्यात बांधलं, पाटावर ठेवलं आणि पोथीच्या चालीवर सुरू केलं. लाल फडक्यातून निघालेल्या अक्षराला आमच्याकडे कुणी उलट विचारत नाही, आणि ऐकायला बसलेली बाई समाप्ती झाल्याशिवाय गाव सोडत नाही. दोन-तीन दिवसांत बाडापुढे नारळ आला. एका म्हातारीने विचारलं, "हिचं ठाणं कुठं हाय?"

"समुद्रापल्याड."

तिने आमच्या बाजाराच्या गावाकडे, मंचरच्या दिशेला हात जोडले. मी फुगले. मग काय, अध्याय वाढवत सुटले. झटक्यात पोचणारं गलबत आठवडाभर तरंगत राहिलं.

ऐकायला शेजारची सून यायची. तिचा नवरा ट्रक घेऊन सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. दुसरं बिऱ्हाड केल्याची कुजबुज होती. येडगावच्या भावाने तिच्यासाठी शिलाई मशीन घेऊन ठेवलं होतं, ये म्हणून निरोप धाडत होता. सासू सोडत नव्हती. भुईमुगाच्या खुरपणीला फुकटचे हात कोण सोडतं? एका सकाळी नळावर सासूचा आवाज कानावर पडला, "ती राणी आसून इस वर्सं थांबली. तुला दोन दिवाळ्या जड व्हत्यात व्हय? मी न्हाई सांगत, पोथी सांगती."

सून खाली मान घालून हंडा भरत राहिली. घाम मला फुटला. वाट बघण्याचं एवढं रसाळ वर्णन मीच केलं होतं, त्यातल्या उपमांसकट, आणि तेव्हा माझा नवरा रोज साडेपाचला घरी चहा मागत होता.

शाळेच्या मधल्या सुट्टीत बसून शेवट बदलला. समाप्तीच्या दिवशी माझ्या राणीने अर्धा शेला कात्रीने कापला, मागणीवाल्यांना वाटेला लावलं आणि गलबतात बसून भावाकडे निघून गेली. सासू ताडकन उठली.

"बाई, आसं कसं? आन् नवरा माघारी आला मंग?"

"आला तर चूल पेटवील," मी म्हणाले आणि फडकं बांधलं. आरती झाली, शिरा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सून येडगावला गेली.

पुढे कित्येक वर्षं मी हे मिरवलं. माझ्या लेकीला, माझ्या सुनेला, अगदी किराणा दुकानदारालासुद्धा ऐकवलं, की शब्दांत ताकद असते; एका बाईला मी पोथीतून मोकळं केलं. दुकानदार बिचारा साखर बांधता बांधता मान डोलवायचा.

दोन हजार सालानंतर कधीतरी नारायणगावच्या स्टँडवर ती शेजारची सून भेटली. काखेत ब्लाउजपिसांचा गठ्ठा, तब्येत सुधारलेली. मी विषय काढलाच. राणी निघाली ते ऐकून तुला धीर आला असेल ना गं, असं पदर सावरत, नम्र वगैरे होत विचारलं. ती आधी हसली, मग म्हणाली,

"बाई, पिशवी तर मी पयल्या दिशीच भरली व्हती. पर तुमची पोथी ऐकाया बसले ना, मंग समाप्तीच्या आदी निघायचं कसं? लई लांबड लावली तुमी."