कनेरगाव नाक्यापर्यंत काच बंद

नवरा गेल्यानंतर मला रडायला एकच जागा उरली होती, ती म्हणजे आमची गाडी.

घरी सासूबाई होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता. मी रडायला लागले की त्याही लागायच्या आणि त्यांना दम चढायचा. मग मी माझं अर्धवट टाकून त्यांना पाणी द्यायला उठायची. मुलगी शिकायला बाहेरगावी. ती फोनवर आधी माझा आवाज ऐकून घ्यायची आणि मगच बोलायची. शाळेत मी मराठी शिकवते, तिथे समोर सगळा वर्ग. राहिली गाडी. सकाळी हिंगोलीतली वस्ती मागे पडली की मी काचा वर करायची, एसी लावायची आणि बोलायला सुरुवात करायची.

बोलायची म्हणजे यांच्याशीच. काही मोठं नसायचं. स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे. आईंनी काल भाकरी अर्धीच खाल्ली. तुमचा निळा शर्ट अजून दोरीवरच्या चिमट्यांच्या डब्याजवळ आहे, कुणी हलवला नाही. असं बोलता बोलता रडू यायचं, मोठ्याने यायचं, आणि कनेरगाव नाका दिसू लागला की थांबायचं. नाक्यावरच्या चहावाल्याच्या पिंपातून पाणी घेऊन मी तोंड धुवायची आणि गोरेगावच्या रस्त्याला गाडी वळवायची. शाळेत पोचेपर्यंत चेहरा कोरडा झालेला असायचा.

नाक्यापर्यंतचाच रस्ता का, तर तेवढाच आमचा दोघांचा होता. यांची नोकरी वाशीमला. हे गाडी चालवायचे, मी डावीकडे बसायची, मांडीवर वह्यांची पिशवी. नाक्यावर मी उतरून गोरेगावची जीप धरायची आणि हे पुढे जायचे. गाडी शिकवलीही यांनीच, गावाबाहेरच्या मैदानावर, रविवारी सकाळी. म्हणायचे, "क्लच असा सोड, जसं शेजारी कुणी झोपलंय." शिकले, पण रस्त्यावर कधी चालवली नाही. गरजच पडली नव्हती.

ते गेल्यावर नातेवाइकांनी गाडी विकून टाक म्हणून सुचवलं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एका सोमवारी किल्ली घेऊन निघाले, एवढंच.

पेट्रोलनं शंभरी ओलांडली तेव्हा हे होते. तेव्हा ती बातमी होती, चहा पिताना बोलायची गोष्ट. आता घरात एकच पगार येत होता आणि भाव चढतच होते, तेव्हा मला त्याचा अर्थ कळला. मी सगळ्यात आधी एसी बंद केला. चैत्राचे दिवस होते. एसी बंद करून काचा वर ठेवल्या तर जीव घुसमटायचा, म्हणून काचा खाली आल्या. आणि काचा खाली आल्यावर बोलणं गेलं. वाऱ्यात आपलाच आवाज परक्यासारखा वाटतो. शेजारून ट्रक जाताना क्लीनर वाकून बघतो. मी नुसती डोळे पुसत जाऊ लागले.

मग इतर सवयीही बदलल्या. चाकातली हवा दर आठवड्याला बघून घ्यायची. पन्नासच्या पुढे काटा जाऊ द्यायचा नाही. रेल्वेचं फाटक पडलं की इंजिन बंद. बाजार, दवाखाना, बँक, सगळी कामं एकाच फेरीत. काळ्या-पिवळ्या जीपासुद्धा मला मागे टाकून जायच्या. तरी महिन्याच्या शेवटी ओढाताण व्हायचीच.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा जीपवाल्यांनीही भाडं वाढवलं होतं. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या मॅडमनी विषय काढला. त्या वयानं माझ्याहून मोठ्या, अंगानं भरलेल्या, आणि बोलणं खडूसारखं कोरडं.

"मॅडम, तुमची गाडी रोज रिकामी येऊन राहिली," त्या म्हणाल्या. "अन् आमी जीपमधी बरणीतल्या लोणच्यासारखे येऊन राहिलो. तेलबी गळते आमचं."

खेळाचे सर हसले. विज्ञानाच्या नव्या मॅडम, ज्या फारशा बोलत नाहीत, त्याही हसल्या. आम्ही चौघंही हिंगोलीचेच.

"पेट्रोल चौघांत वाटून घेऊ," गणिताच्या मॅडम म्हणाल्या. "तुमचंबी हलकं व्हईल, आमचंबी. काय म्हणता?"

मी विचार करून सांगते म्हटलं. विचार करण्यासारखं काय होतं? नाही म्हणायला एकच कारण होतं, आणि ते शिक्षकांच्या खोलीत सांगता येण्यासारखं नव्हतं. मला रडायला गाडी लागते, असं कोणत्या तोंडानं सांगणार? दुसऱ्या दिवशी मी हो म्हटलं.

पहिल्या सकाळी मी तिघांना घ्यायला चौकात थांबले. डावीकडच्या पुढच्या जागेवर नेहमीप्रमाणे वह्यांची पिशवी होती. आमची गाडी अशी, की त्या जागेवर जरा वजन ठेवलं की तिला वाटतं माणूस बसलं, आणि पट्टा लावेपर्यंत ती टूँटूँ करत राहते. म्हणून पिशवी ठेवली की मी रोज तिच्यावरून पट्टा लावून टाकायची. त्या दिवशीही लावला. तोवर ते तिघं मागचं दार उघडून आत शिरले होते. तिघंही मागे. खेळाच्या सरांची उंची एवढी, की त्यांचे गुडघे माझ्या पाठीत रुतत होते. मी म्हटलं, पिशवी घेते, पुढे या ना कुणीतरी. तर गणिताच्या मॅडम घाईनं म्हणाल्या, "राहू द्या, राहू द्या, बराबर बसलो आमी. चला."

मला वाटलं, माझ्या शेजारी बसायला संकोच वाटत असेल. नुकतंच दुःख झालेल्या बाईच्या जवळ बसलं की काय बोलावं कळत नाही लोकांना. मग मी आग्रह केला नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकत असे. संध्याकाळी परत आल्यावर ते तिघं आपापल्या गल्लीच्या तोंडाशी उतरायचे, ते न बोलता. कुणी "येतो" म्हणत नसे. दार धाडकन लावायचे आणि चालू लागायचे. वाटभर मात्र बोलणं भरपूर. गणिताच्या मॅडम मागून माझ्या चालवण्यावर लक्ष ठेवायच्या.

"मॅडम, पुढं खड्डा दिसून राहिला, आत्तापासूनच पाय काढा. शेवटी जाऊन ब्रेक काहून मारता? ब्रेक मारला की पेट्रोल सांडलं समजा."

"तुम्हाला गाडी येते का?" खेळाचे सर विचारायचे.

"गाडी येत न्हाई. सांडलेलं समजते."

मी आरशात बघून हसायची. हसायची, पण नाक्याजवळ आलं की पाय आपोआप ब्रेककडे जायचा. पिंपाजवळ थांबायचं आता कारण नव्हतं. घरी मी न्हाणीघरात बादलीत पाणी सोडून उभी राहून पाहिलं, तर सासूबाईंनी बाहेरून हाक मारली, "काय झालं गं? इतका वेळ?" रडू आतच राहू लागलं. संध्याकाळी कपाळ ठणकायचं. सासूबाईंवर मी एकदा विनाकारण चिडलेही, आणि त्या गप्प बसल्या.

श्रावणात खेळाच्या सरांचा गुडघा मुरगळला, पोरांना कबड्डीतली पकड दाखवताना. सकाळी ते गुडघ्याला पट्टी बांधून लंगडत आले आणि तशाच अवस्थेत मागच्या दारातून आत वाकू लागले.

मी म्हटलं, "सर, आज पुढे बसा. पिशवी मागे देते."

"नको मॅडम. जमते मला."

"अहो, गुडघा वाकत नाही तुमचा!"

त्यांनी गणिताच्या मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "असू द्या हो मॅडम. सरांची जागा हाय ती."

"कोणत्या सरांची?"

शेवटी विज्ञानाच्या मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही रोज पट्टा लावता ना त्यांना."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. इतके दिवस ही तीन शहाणीसुरती माणसं अंग चोरून मागे बसत होती, कारण त्यांना वाटत होतं की मी माझ्या गेलेल्या नवऱ्याला रोज सकाळी शेजारी बसवते आणि पट्टा बांधते. आणि त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. उतरताना "येतो" का म्हणत नाहीत तेही लख्ख कळलं. आमच्याकडे दुःखाच्या घरी बसायला गेलं की निघताना "येतो" म्हणत नाहीत. तसंच उठायचं आणि निघायचं. माझ्या गाडीला त्यांनी दुःखाचं घर मानलं होतं.

"अहो, वह्यांच्या वजनानं गाडी वाजते," मी म्हटलं. "म्हणून पट्टा लावते मी. पिशवीला."

खेळाचे सर म्हणाले, "म्हणजे दहावीच्या वह्यांसाठी आमी गुडघे तोंडाशी घेऊन बसलो होतो?"

गणिताच्या मॅडम आधी हसल्या, तोंडाला पदर लावून, मग सगळेच. सर पुढे येऊन बसले, पाय लांब केले आणि "आई गं" म्हणाले. मी गाडी सुरू केली.

फाटकाशी इंजिन बंद करून थांबलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती जागा यांची नव्हतीच. डावीकडे मी बसायची. यांच्या जागेवर तर रोज मीच बसते, यांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग धरते. हे मी कुणाला सांगितलं नाही. मालगाडीचे डबे मोजता मोजता फाटक उघडलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी नाक्यावर चहाला थांबलो. सर आणि विज्ञानाच्या मॅडम भजी घ्यायला गेले. गणिताच्या मॅडम बशीत चहा ओतून फुंकर घालत होत्या. न बघताच म्हणाल्या, "एक विचारू का? राग येऊ देऊ नका."

"विचारा."

"आमी गाडीत बसायला लागलो, तवापासून तुमी रडता कुठं?"

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? जीप तुमच्या शेजारून तर जायची रोज. तुमी हळू, जीप जोरात. काच बंद असली तरी काच हाय ती मॅडम, भिंत न्हाई."

"म्हणजे सगळ्या जीपनं पाहिलं?"

"पाहतील काहून? ड्रायव्हर म्हणायचा, मॅडमची गाडी आली. की आमी सगळे दुसऱ्या अंगाला तोंड करायचो. कोंबड्या घेऊन येणारी ती बाई हाय ना, तीसुद्धा. कोंबड्यांचं सांगता येत न्हाई."

मला हसावं की काय करावं समजेना. मी म्हटलं, "एवढं माहीत होतं, तर माझ्या गाडीत का आलात?"

"भाडं परवडंना. खोटं काहून बोलू?" त्यांनी बशी खाली ठेवली. "पण मला त्याची रोज तकलीफ होऊन राहिली. आमी तुमचं पेट्रोल वाचवलं अन् तुमची जागा घेतली. तर असं करू. शनिवारी सकाळची शाळा असते. शनिवारी आमी जीपनं जातो, तुमी एकट्या या. काचा लावा, एसी लावा. जळू द्या एक दिवसाचं. येताना मात्र आमाला घेऊन या, दुपारी जीप लवकर भरत न्हाई."

एवढ्यात भजी आली आणि त्यांनी सरांना, "गुडघा दुखतो अन् भज्यांकडं बरा पळता," म्हणून टोमणा मारला. मला होकार द्यायचीही सवड दिली नाही.

शनिवारी मी एकटी निघाले. पिशवी मागच्या सीटवर ठेवली, पुढे काही नव्हतं, गाडी वाजली नाही. वस्ती मागे पडली. काचा वर केल्या, एसी लावला. आणि गप्प बसले. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, पण सुरुवात कुठून करावी कळेना. दोन्ही बाजूंना हळदीची पानं चांगली कमरेएवढी वर आली होती. शेवटी मी म्हटलं, "नळ दुरुस्त करून घेतला." आणि रडू आलं. जसं पूर्वी यायचं तसंच, आवाज करून.

काटा पन्नासवरच होता. ती सवय आता पायालाच लागली होती. मागून हॉर्न वाजला. काळी-पिवळी जीप उजवीकडून पुढे येऊ लागली. मी ओल्या डोळ्यांनीच तिकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या शेजारी, सगळ्यात चांगल्या जागेवर, गणिताच्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी मान अशी जोरात पलीकडे वळवली होती की अंबाडाच तेवढा दिसत होता. मागच्या बाकावर खेळाचे सर, विज्ञानाच्या मॅडम, कोंबड्यावाली बाई, आणखी कोणकोण. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे, सगळ्यांची तोंडं पलीकडच्या हळदीकडे, जणू तिथे काही विशेष चाललं आहे. टोपलीतून एक कोंबडी मात्र मान बाहेर काढून माझ्याकडे टक लावून बघत होती.

मला हसू फुटलं. रडण्याच्या मधोमध, मोठ्याने. जीप पुढे निघून गेली तरी मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. यांना मी ते सगळं सांगितलं, कोंबडीसकट. नाका दिसू लागला तेव्हा माझं सांगून झालं होतं. पिंपाजवळ तोंड धुतलं, एसी बंद केला, काचा खाली घेतल्या.

दुपारी तिघं परतीला माझ्या गाडीत होते. गणिताच्या मॅडमनी काही विचारलं नाही, फक्त आरशात एकदा माझे डोळे पाहिले. त्यांच्या गल्लीशी गाडी थांबली. त्या उतरल्या, पदर सारखा केला, दाराला हात लावून क्षणभर उभ्या राहिल्या.

"येते बरं का," त्या म्हणाल्या, आणि दार नेहमीसारखं धाडकन लावलं.