जीपमधला पिच्चरवाला

कामरगावच्या जीपमध्ये थो मानूस एकदाच भेटला. मांडीवर वांग्यायची थैली, अन् तोंडात नवे पिच्चर. एक मारामारीचा म्हने निरा कचरा. दुसऱ्याचं सांगताना मात्र खांद्यावरचा दुपट्टा तोंडाले लावून थांबला. "त्यातला बुढा बाप एकटा जेवते ना, थे पाहून मले घरी भाकर गोड लागली नाही." आमच्या मधात बसलेल्या माह्या बायकोनं डोये पुसले. जलमभर मी तिले पिच्चर सांगतले, तिनं जांभया देल्ल्या!

"मले थोच दाखवा," म्हने. वाशीमले नेलं. बापानं दोन घास खाल्ले अन् गाणं सुरू. मले लय बरं वाटलं.

"पाह्यलं? फेकून राह्यला होता तुहा वांगेवाला!"

"पिच्चरचं जाऊ द्या," ती म्हने, "त्यानं सांगतला थो चांगला होता."

तवापासून जीपमध्ये मी तिले खिडकीपाशी बसवतो अन् मधात मी बसतो.