गटारीच्या आधीचा लॉट

सुमनवहिनी गेल्याचं त्यांच्या मुलाने फोनवर कळवलं, त्याला महिना होऊन गेला. तेव्हापासून हे लिहायचं टाळतो आहे. खरं तर टाळणं त्याच्याही कितीतरी आधीचं...

नव्वदच्या सुमारास मी कल्याणला राहायचो. पिल्लं आणि खाद्य पुरवणाऱ्या एका कंपनीत पशुवैद्य होतो. टिटवाळा-खडवलीकडच्या ब्रॉयलरच्या शेड तपासायचो. खडवलीची शेड बाळारामची, माझ्या मित्राची. तो आणि वहिनी मिळून सांभाळायचे. आत शिरलं की आधी उभं राहून आवाज ऐकायचा, मग मधून सावकाश चालायचं. निरोगी कोंबड्या पुढून बाजूला होतात, मागे पुन्हा जुळतात. जी उठत नाही तिचे पाय बघायचे, खालचं तूस मुठीत दाबून ओल बघायची. वहिनी म्हणायच्या, "काय भाऊजी, पास की नापास?"

"तुम्ही पास, बाळाराम नापास."

"मग नवीन काय सांगितलंत?"

आमच्या कामात एक नियम होता : आजारी शेड सगळ्यात शेवटी, आणि तिथून थेट घर. त्या वर्षी गटारीच्या आधी टिटवाळ्याच्या एका शेडमध्ये मला गंबोरो दिसला, बुटांवरूनही पसरणारा कोंबड्यांचा साथीचा रोग. घरी जायला हवं होतं. पण वहिनींनी जेवायला बोलावलेलं, सुकट केलेली. जेवण झाल्यावर बाळाराम म्हणाला, "आलायस तर लॉट बघून जा. गटारीला निघेल ना रे?" बूट तेच होते. दाराशी औषधाच्या पाण्यात बुडवले आणि आत गेलो. सुंदर लॉट होता.

आठवड्याच्या आत निरोप आला. कोंबड्या पिसं फुलवून, माना टाकून बसलेल्या. मी मधून चाललो तरी हलेनात. बाळाराम म्हणाला, "आला कुठून हा रोग?" मला ठाऊक होतं. तरी तपासणीतला नेहमीचा प्रश्न मी विचारला, "बाहेरून कोणी आलेलं का?"

तो वहिनींकडे वळला. त्या नुकत्याच कळव्याला माहेरी जाऊन आलेल्या. तिथे अंगणात गावठी कोंबड्या. "तुला सांगितलेलं ना, आंघोळ केल्याशिवाय शेडात जायचं नाही?"

"केलेली मी आंघोळ. भाऊजी, तेवढ्याने येतो का हो रोग?"

"येऊ शकतो," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं, आणि त्याच्याच आड मी लपलो. त्यानंतर बाळारामने वहिनींना शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. त्या पाण्याच्या बादल्या दाराबाहेर ठेवून मागे फिरायच्या. कुणी पाहुणा आला की तो सांगायचा, "हिच्या माहेराने माझा लॉट खाल्ला." मी समोर बसून चहा प्यायचो. आधी नोकरी जायची भीती होती. ती भीती गेली, तोवर इतके दिवस गप्प का बसलास, या प्रश्नाची भीती बसली. जितका उशीर, तितकं सांगणं अवघड. तरी जात राहिलो. जाणं बंद केलं असतं तर का, हेही सांगावं लागलं असतं.

पुढे बाळाराम गेला, शेड मोडली, वहिनी मुलाकडे कोपरला आल्या. गेल्या वर्षी हिय्या करून तिथे गेलो. मुलगा कामावर गेलेला. म्हटलं, "वहिनी, त्या गटारीच्या लॉटचं..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "माझ्याच पायाने आलं ते, भाऊजी. कंपनीत तुम्हालाही ऐकून घ्यावं लागलं असेल. ह्यांना विचारायची सोय नव्हती, तुम्हाला विचारते. मला माफ केलंत ना?"

त्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. खरं सांगायला तेवढा वेळ पुरला असता.

"कधीच केलं, वहिनी," मी म्हणालो.