तीन रंगांतली पूर्णगडची खाडी

काशीराम पहाटे साडेचारला उठत असे. बायकोला, मालनला, चहा द्यायचा, तिच्या कमरेला तेल लावायचं आणि सहाला मिरकरवाडा बंदरात हजर. होड्या रंगवणं हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. थंडीत फळ्यांवर दव असतं. ते सुकल्याशिवाय रंग धरत नाही. कपड्याने पुसलं तरी तासभर थांबावंच लागतं. बाकीचे रंगारी तेवढ्यात चहा-विडी उरकत. काशीराम प्लायवूडचा तुकडा गुडघ्यावर घेऊन चित्र काढी.

रंग तीनच. डब्यांच्या तळाशी उरलेला पांढरा, काळा आणि अस्तराचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या हाताचा, तांबडा. पांढऱ्यात थेंबभर काळा टाकला की राखाडी होतो; तोच तांबड्याशेजारी ठेवला की निळा वाटतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

चित्र पूर्णगडच्या खाडीचं होतं. मालनचं माहेर तिथलं. तीन वर्षांपूर्वी ती पायरीवरून घसरली, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. भावाने मोबाइलवर खाडीचे फोटो धाडले. "काचेत कसली खाडी," म्हणून तिने तोंड भिंतीकडे केलं. ती खाडी तिला घरात आणून द्यायची, एवढंच काशीरामच्या मनात होतं.

पहिलं चित्र त्याने खाटेपाशी धरलं.

"ही कुठली खाडी?"

"अगं, तुझी. पूर्णगडची."

"नाय ओ. आमचा पलीकडचा डोंगर लांब हाय. ह्यो तर अंगणात येऊन बसलाय. चहा द्या त्याला."

काशीराम हसला नाही. दुसऱ्या दिवशी दव सुकेपर्यंत तो त्या चित्राकडे नुसता बघत बसला, तेव्हा चूक कळली. होडीचं नाव भर समुद्रात लांबून वाचता आलं पाहिजे, म्हणून रंगारी प्रत्येक कड धारदार कापतो. हाताची तीच सवय डोंगराला लागली होती.

त्याने सगळं खरवडलं. आधी आभाळ. मग पांढऱ्यात जेमतेम काळा घालून डोंगर, आणि ओला आहे तोवर चिंधीने त्याची कड पुसून टाकली. तांबडा फक्त जवळच्या काठाला, तोही बोटभर. पाण्याचा रंग सात वेळा कालवला, सहा वेळा फेकला. तीन आठवडे गेले.

"काशीदा, एवढ्यात एक ट्रॉलर झाला असता," सोबतचा धाकू म्हणाला.

"ट्रॉलर माहेर मागत नाय, बाबा."

मालनने चित्र मांडीवर घेतलं. मग पुसट रंगाच्या धुक्यात बोट ठेवलं.

"हितं धक्का. दिसत नाय, पण हाय. हितं बाबांची होडी लागायची."

काशीरामला वाटलं, फेडले पांग.

"आता मला न्या तिकडं," मालन म्हणाली.

चित्राने मन भरेल असं त्याने गृहीत धरलं होतं, झालं उलटंच. घरापासून रस्त्यापर्यंत सव्वीस पायऱ्या. रिक्षात तिला बसवत नव्हतं. काशीरामने बुरोंडीहून आलेली एक मोठी होडी एकट्याच्या अंगावर घेतली. बुडाचे शिंपले तासणं, घासणं, अस्तर, वर दोन हात रंग. दोघांचं काम, एकोणीस दिवस. बोटांची सालं निघाली, पण एक हात कमी मारला नाही.

त्या मजुरीत मागचं बाक काढून गादी टाकलेली एक गाडी आली, मालनला उचलायला दोन माणसं आली, आणि पूर्णगडच्या धक्क्यावरची एक अख्खी सकाळ आली.