थुंकी नव्हे, बेडका

नाना डबी आधी खिडकीकडे न्यायचे. कोणी कितीही घाईत असो, पेशंट मोटारसायकलवरून तीस किलोमीटर आलेला असो, नाना ती पारदर्शक डबी उजेडात धरत, तिरपी करत, आतला नमुना कडेने कसा सरकतो ते बघत. मग दोनच गोष्टींपैकी एक व्हायची. ते मान हलवून डबी ट्रेमध्ये ठेवत, नाहीतर नवी डबी काढून पेशंटच्या हातात देत आणि म्हणत, "हाई थुंकी शे, बेडका नही. परत."

एरंडोल तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नाना लॅब टेक्निशियन होते. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मी जळगावला डीएमएलटी या लॅबच्याच डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि प्रॅक्टिकलसाठी माझी त्यांच्याकडे नेमणूक झाली होती. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मीच पहिली. आई-वडील घरी अहिराणीच बोलतात, पण कॉलेजला लागल्यापासून मी जपून, पुस्तकातलं मराठी बोलायला लागले होते. नानांच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तेव्हापासून ते मला मॅडम म्हणायचे. त्यात टोमणा किती आणि माया किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आशाताईंना क्षयरोगाचं प्रशिक्षण देण्याचं काम कागदावर दुसऱ्यांचं होतं, पण घेत नानाच. एकदा जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी पडद्यावर 'थुंकी नमुना संकलन' असं दाखवलं. नाना मागच्या बाकावरून उठले. "साहेब, तुम्ही थुंकी मांगशात, ते लोके थुंकीच देतीन." साहेब हसले, म्हणाले, शासकीय शब्द आहे. नाना म्हणाले, "शासननी थुंकीमा जंतू नही राहतस."

मग ते पुढे आले आणि खोकून दाखवायला लागले. एक हात पोटावर, मान खाली, लांब श्वास, आणि तळातून आलेला असा खोकला की खिडकीबाहेरची माणसं डोकावली. "पोटम्हाईन खोका. गळाम्हाईन नही." तीस बायकांना त्यांनी एकेक करून खोकायला लावलं. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी घसा साफ केल्यासारखं काहीतरी केलं. "आनि आते म्हन, बेडका," नाना म्हणाले. मला ते म्हणवेना. होस्टेलवर जेवताना तो शब्द चुकून निघाला होता तर मैत्रिणी ताट घेऊन उठल्या होत्या. नाना थांबले. "सांग व मॅडम, शब्द खराब शे का बिमारी खराब शे?" बायका पुन्हा हसल्या. मी पण हसले. शब्द काही उच्चारला नाही.

पुढच्या महिन्यात नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला गेले. त्या आठवड्यात एका गावच्या आशाताई मला घेऊन एका घरी गेल्या. तिथल्या सुनेला तीन आठवडे खोकला होता. पंचविशीतली असेल. ओसरीत खाटेवर सासरे बसले होते. मी डबी पुढे केली आणि म्हणाले, "ताई, थुंकीचा नमुना द्या." तिने डबी घेतली, भिंतीकडे तोंड केलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि आवाज न करता डबीत थुंकली. सासऱ्यासमोर सुनेने खाकरायचं नसतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझी आईसुद्धा तसंच करते.

डबीत पाणी होतं. वर फेस. मला ते दिसलं. सासऱ्यांना जरा बाहेर जा म्हणायला हवं होतं, पण एवढ्या मोठ्या माणसाला ते कसं म्हणायचं हे मला सुचलं नाही. मी झाकण लावलं.

रजिस्टरमध्ये नमुना कसा दिसतो त्याचा एक रकाना असतो. तिथे 'लाळ' लिहिलं की नमुना परत मागवावा लागतो, म्हणजे पुन्हा त्या ओसरीत जावं लागतं. मी 'योग्य' लिहिलं. तपासणी निगेटिव्ह आली. तसं मी आशाताईंना फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई."

तीन महिन्यांनी तिला धुळ्याला नेलं तेव्हा दोन्ही फुप्फुसं गेली होती. सहाव्या दिवशी ती वारली. कळलं तेव्हा मी काचपट्ट्या धूत होते. उरलेल्या धुतल्या. मग डबा उघडून जेवले. मला वाटत होतं की आता रडू येईल, पण आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

नानांनी रजिस्टर काढलं. त्या ओळीवर बोट ठेवलं.

"अक्षर तुन्हं शे ना?"

"हो."

"डबी पाही व्हती?"

"हो नाना."

"काय व्हतं?"

"फेस."

नाना ओरडले असते तर मला काहीतरी करता आलं असतं. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि गाडीची चावी घेतली. "चाल. घरमा आखो मानसं शेतस."

त्याच ओसरीत आम्ही गेलो. सासरे त्याच खाटेवर होते. तिचा नवरा दाराशी उभा होता आणि त्याला खोकला होता. वडिलांसमोर तोही अवघडला. नानांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि सहज म्हणाले, "आबा, मन्ही गाडीले चाबी तशीच राहिनी. पोरं खेळी राहिनात. जरा ध्यान ठेवा बरं." सासरे उठून बाहेर गेले. नानांनी नवऱ्याला उकिडवं बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि पोटातून खोकायला लावलं. हिरवट, घट्ट बेडका आला. सासऱ्यांना बाहेर पाठवायला एक वाक्य लागलं होतं. नवऱ्याची तपासणी पॉझिटिव्ह निघाली. त्याने सहा महिने गोळ्या घेतल्या, बरा झाला. मला बघितलं की तो नमस्कार करतो.

त्यानंतरच्या प्रत्येक प्रशिक्षणात नाना ही हकीकत सांगत. गाव सांगत नसत, नाव सांगत नसत. "आपला हाते एक बाई गयी," एवढीच सुरुवात. एकदा एका आशाताईंनी विचारलंच, "नाना, ती डबी कोनी लिधी व्हती?" मी बाजूला डब्यांवर लेबलं लावत होते. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "आमनी लॅबनी." मी लेबलं लावत राहिले. मी बोलेन म्हणून ते थोडा वेळ थांबले होते, हे मला कळलं होतं.

निवृत्तीनंतर नाना मुलाकडे सुरतला गेले. निरोपाला शाल, नारळ, चहा झाला. जाताना मला म्हणाले, "आते तू शे." तोवर मी पास होऊन त्याच केंद्रात कंत्राटावर लागले होते. दीड वर्षाने ग्रुपवर त्यांचा फोटो आला, हार घातलेला. हृदयविकार. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी टाकायला घेतलं आणि फोन ठेवून दिला.

पुढच्या प्रशिक्षणाला मी उभी राहिले. सगळं क्रमाने सांगितलं, जमेल तसं खोकून दाखवलं. त्या बाईच्या हकीकतीपाशी आले. 'आपल्या हातून' म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "ती डबी मी घेतली होती. त्यात बेडका नव्हता, ते मला दिसलं होतं. मी 'योग्य' लिहिलं."

मला वाटलं, आता कोणीतरी उठून जाईल. मग भिंतीशी बसलेल्या एक वयस्कर आशाताई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "ताई, मन्हाकडून बी तशी डबी येल शे. उन्हाळामा. म्हातारी तयार नव्हती, मी म्हन्तं जाऊ दे." त्यांच्या मागून दुसरी. मग एक अगदी नवी मुलगी, जिला कामाला लागून चार महिनेही झाले नव्हते.

मी तिघींकडून पेशंटची नावं लिहून घेतली. दोघं अजून खोकत होते. तिसऱ्याचं त्यांना माहीत नव्हतं.

नवी मुलगी म्हणाली, "मले आते रागावशात का?"

"नाही," मी म्हणाले. "आज दुपारी घरी कोण कोण असेल, ते सांग."

तीन डब्या घेतल्या आणि आम्ही निघालो.