आबांचा खांदा
केळीचा चीक हाताला लागला की वडील आठवतात, आमचे आबा. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले, तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले: मांडीतून हृदयापर्यंत तार घालून करायचा उपचार, नाहीतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. पण गोळ्या घेतल्या तर जखमेचं रक्त लवकर थांबणार नाही, केळीचे घड कापायचा विळा सोडावा लागेल. आम्ही सावद्याला, आमच्या गावी परतलो. मला कधी विळ्याला हात लावू न देणारे आबा घरी न जाता थेट मळ्यात शिरले, विळा माझ्या हातात दिला आणि भरलेल्या घडाखाली खांदा देऊन उभे राहिले. "गोळ्याच घेऊ. आता तू कापजो, मी झेलीन." आता घड झेलायला दुसरं कुणी उभं असतं, तरी विळा उचलला की मी आधी खाली आबांचा खांदा शोधते.