पाणंद बुजवायची नाही

माझं डोकं लवकर तापतं. सोलापूरच्या उन्हावर ढकलायची सोय आहे, पण आई म्हणते, ऊन चार महिने असतं, तुझं बारमाही. तर त्या वर्षी ते तापलं एका फटीवरून.

भवानी पेठेत टॉवेलच्या दुकानावरच्या माडीत आमचं नकाशांचं ऑफिस आहे. शेतांचे आकाशातून काढलेले फोटो येतात, आमच्या बायका त्यावर माउसने बांधांच्या रेषा ओढतात, आणि मी त्यांच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम लिहिते. प्लगइन म्हणतात त्याला. त्या वर्षी काम करकंबकडचं होतं. शेतांमधल्या पाणंदींवर, म्हणजे अरुंद गाडीवाटांवर, मुरूम पडणार होता, आणि तो आमच्या नकाशावरून. नकाशात पाणंद दिसली तर मुरूम, नाही तर बसा चिखल तुडवत. त्यातल्याच एका पाणंदीच्या टोकाला माझ्या मावशीची वस्ती. पावसाळ्यात तिथं गाडी रुततेच, माणूसही रुततं. "यंदा तुझ्या दारापर्यंत मुरूम," असं मी मावशीला छातीठोकपणे सांगून आले होते.

आणि एका सकाळी नकाशा उघडला तर मावशीची पाणंद गायब! दोन्हीकडची शेतं एकमेकांना चिकटून बसलेली. मी ती परत काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब.

"कुणाचा हा उद्योग?" मी ओरडलेच.

"माझाच की," अक्का म्हणाली. अक्का आमच्यात सगळ्यात जुनी, तेलुगू विणकर घरातली, हात एकदम साफ. "फट दिसली, बुजवली. ठेवली तर साहेबच बोंबलत्यात न्हाय का?"

खोटं नव्हतं. दोन शेतांमध्ये फट म्हणजे चूक, हा आमच्या ऑफिसचा पहिला धडा. पाणंद स्क्रीनवर दिसते दोऱ्याएवढी, आणि अक्काला सुटलेला दोरा बघवत नाही.

मग मी प्लगइनमध्ये तपासणी घातली. गावच्या जुन्या नकाशातल्या पाणंदी त्याला आधीच दाखवून ठेवल्या. त्यावर रेष आली की चौकट उघडायची: हा बदल नक्की करायचा आहे का? झालं काम, म्हणून मी खूश. पण पाणंदी गायब व्हायच्या त्या होतच राहिल्या. शेवटी अक्काच्या मागे उभी राहून बघितलं, तेव्हा उजेड पडला. आमच्याकडे रेष संपली की एंटर दोनदा हाणतात. टक् टक्. जुने कंप्युटर एका दाबाला दाद द्यायचे नाहीत, तेव्हापासूनची सवय. पहिल्या टकला माझी चौकट उघडायची, दुसऱ्या टकला "हो" होऊन मिटायची. माझा प्रश्न कुणी वाचलाच नव्हता! एवढा राग आला ना, आणि हसूही.

म्हटलं, थांबा, आता विचारायचंच नाही. बदल साठवण्याआधी प्लगइन तो तपासणार, पाणंद बुजत असेल तर सरळ रद्द करणार आणि रेष होती तिथं नेऊन ठेवणार. वर एक ओळ: 'इथून पाणंद जाते. रेष मागे नेली आहे.'

ऑफिसात गहजब झाला. "लई शानं हाय गं तुझं ते," अक्का भडकली, "माझं काम खातंय की!" तक्रार साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "शनिवारी रस्त्याचे इंजिनिअर नकाशा बघायला येतायत. त्यांच्यासमोर काही अडलं, तर हे काढून टाकायचं. चर्चा नाही." मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच संताप आला. हे काढलं की चार दिवसांत मावशीची वाट पुन्हा बुजणार, हे मला दिसत होतं.

शनिवारी साहेब स्वतः माउस धरून बसले. "बघा, दुरुस्ती किती सोपी," म्हणत त्यांनी समोर आला तो कोपरा उघडला. फट दिसली. ओढली रेष. टक् टक्.

रेष मागे गेली.

पुन्हा ओढली. टक् टक्. पुन्हा मागे. साहेबांचे कान लालभडक. "हे माझं ऐकत का नाही?"

"तुमचंच काय, माझंही ऐकणार नाही," मी म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं.

"साहेब, वर काय लिवलंय ते वाचा की," मागून अक्का. हो, अक्का!

इंजिनिअर पुढे वाकले, ओळ वाचली आणि खो खो हसले. "बरं झालं हो मागे गेली! नाहीतर आमचा रोलर काय उडत जाणार होता? हे काढू नका बरं का. सगळ्या गावांना लावा."

"लावलंच आहे की!" साहेब म्हणाले. क्षणाचाही उशीर नाही! अक्काने तोंडाला पदर लावला, आणि मी खिडकीकडे तोंड करून मनसोक्त हसून घेतलं.

त्या पावसाळ्यात मावशीचा फोन आला. "आगं, घरापातूर कोरडी आले बग! चप्पल घालून!" मग जरा दबकून, "पर पुना कुनी बुजवनार न्हाय ना गं?"

"कुणाची टाप आहे?" मी म्हटलं.

फोन ठेवला आणि नकाशात तिची पाणंद उघडली. रेष धरली, थेट पलीकडच्या शेताला नेऊन भिडवली आणि जीव खाऊन एंटर हाणला. टक् टक्.

रेष मागे गेली. मी भर ऑफिसात टाळ्या वाजवल्या.

"खूळ लागलं काय गं?" अक्काने विचारलं.

"लागलं," मी म्हटलं, आणि पुन्हा एकदा ओढली.